मिरजेला गाडी बदलावी लागे

मिरज जंक्शनवर एके काळी तीन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ येऊन थांबत असत आणि म्हणून त्या स्टेशनात आलेल्या बहुतेक माणसांना खाली उतरावेच लागे, ही गोष्ट आजच्या प्रवाशाला मुद्दाम सांगावी लागते. पुण्याकडचा रूळ १,६७६ मिलिमीटर रुंदीचा, म्हणजे ब्रॉडगेज. बेळगाव-हुबळीकडचा १,००० मिलिमीटरचा, म्हणजे मीटरगेज. आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारा अवघ्या ७६२ मिलिमीटरचा, म्हणजे नॅरोगेज. एका रुळावरचा डबा दुसऱ्या रुळावर जाऊच शकत नसे. त्यामुळे माणसे, ट्रंका, वळकट्या, गुळाच्या ढेपा, हळदीची पोती, टपालाच्या थैल्या असे सारे काही मिरजेला उतरे आणि पुन्हा चढे. मी त्या गावात वाढलो आणि रेल्वेविषयी मला जी ओढ आहे ती मुळात या उतरण्याचढण्याची आहे. वेगाचे आणि लांबच्या गावांचे आकर्षण नंतर आले.

ही रचना कोणी एका बैठकीत ठरवून केलेली नव्हती. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर, अन्नधान्य वेळेवर पोहोचवता यावे म्हणून जे रेल्वेमार्ग दक्षिणेत बांधायचे ठरले, त्यांच्यासाठी १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी उभी राहिली आणि तिने पुण्याहून मिरज, बेळगाव, लोंढा असा मीटरगेज मार्ग टाकला. १८९१ मध्ये कोल्हापूर संस्थानचा फाटा मिरजेला येऊन मिळाला. सांगली मात्र मुख्य मार्गावर नव्हती. पुण्याची गाडी माधवनगरावरून सरळ मिरजेला निघून जाई, म्हणून सांगली संस्थानने १९०७ मध्ये मिरजेपर्यंत स्वतःचा लहानसा फाटा करून घेतला. सांगलीच्या स्टेशन चौकात आज उभे राहिले तर स्टेशन कुठेच दिसत नाही, कारण ते नव्या मार्गाबरोबर दूर गेले. चौकाने मात्र नाव सोडलेले नाही. शेवटी आली ती बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू केलेली ही चिमुकली गाडी १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. चाकांच्या दर आसामागे पाच टनांहून जास्त भार पडू नये असा तिच्या बांधणीचा हिशेब होता. त्यामुळे हलके रूळ टाकून, कमी खर्चात, ज्या मुलखात मोठ्या कंपन्या कधी फिरकल्या नसत्या त्या मुलखात ती जाऊ शकली.

मी लहान असताना पुण्याची गाडीही मीटरगेजच होती. पुण्याला बसलेला माणूस त्याच रुळावरून पार बंगलोरपर्यंत जाऊ शके आणि मुंबईकडच्या माणसाला गाडी बदलावी लागे ती पुण्याला. १९६७ च्या सुमारास पुणे-मिरज-कोल्हापूर मार्गाचे रुंदीकरण सुरू झाले, १९७१ पर्यंत ते पुरे झाले आणि पुण्याची ती अदलाबदल उचलून मिरजेच्या फलाटावर आणून ठेवली गेली. तिथून पुढे नव्वदच्या दशकापर्यंत मिरजेत तीनही रूळ नांदत होते. माझे शाळेचे शेवटचे दिवस, कॉलेज, नोकरीची सुरुवात आणि लग्नानंतरची पहिली वर्षे, हे सगळे त्या काळात बसते.

आमचे गणगोतही या तीन रुळांवर वाटले गेले होते. आजोळ कवठेमहांकाळच्या बाजूला, म्हणजे लहान गाडीचे. आत्या बेळगावला, म्हणजे मीटरगेजची. आणि थोरले काका पुण्याला. आमच्या घरी कोणाकडे जायचे हे ठरले की कोणत्या गाडीने जायचे हे विचारावे लागत नसे आणि कोणत्या गाडीने जायचे हे कळले की आई त्याप्रमाणे बांधाबांध करी. लहान गाडीला दशम्या आणि फिरकीचा तांब्या पुरत असे. बेळगावला जाताना होल्डॉल निघे. पुण्याला जाताना मात्र इस्त्रीचे कपडे वेगळ्या पिशवीत ठेवले जात आणि ते पुण्याजवळ आल्यावर घालायचे असत, कारण कोळशाच्या इंजिनामागे बसून गेलेल्या माणसाची कॉलर गावी पोहोचेपर्यंत काळी झालेली असे. खिडकीशी बसायचा हट्ट केला की डोळ्यांत कोळशाचा कण जाई. मग आई पदराचे टोक तोंडातल्या वाफेने ऊबदार करून डोळ्याला लावी आणि पाच मिनिटांनी आम्ही पुन्हा खिडकीशी जात असू.

अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत शिक्षक होते. संध्याकाळी फलाटाचे तिकीट काढून ते मला स्टेशनात घेऊन जात आणि आम्ही एका बाकावर बसून राहत असू. कुठे जायचे नसे आणि कोणी यायचे नसे. गाड्या पाहणे एवढेच काम असे. पण मिरजेत गाड्या पाहणे म्हणजे माणसे पाहणे होते, कारण इतर स्टेशनांवर माणसे खिडकीतून दिसतात आणि पुढे जातात, तर इथे ती खाली उतरून तासन् तास आपल्यासमोर बसत. पुण्याच्या गाडीतून सातारा जिल्ह्यातले जवान उतरत. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, तिकडे निघालेले. प्रत्येकाजवळ काळी पत्र्याची ट्रंक असे आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाने नंबर, नाव, गाव असे ओळीने लिहिलेले असे. मी ती गावे वाचत बसे. कर्नाटकातून आणि कोकणातून आलेली माणसे वानलेस हॉस्पिटलात निघालेली असत, आजारी माणूस घोंगडीवर आडवा केलेला आणि उशाशी घरचे कोणी वारा घालत बसलेले. मिशनच्या या दवाखान्याची सुरुवात १८९४ ची, आणि मिरजेला मिळालेले वैद्यकीय महत्त्व आणि मिरजेला मिळालेले रेल्वेचे महत्त्व हे एकमेकांच्या आधाराने वाढले असे मला वाटते. दूरच्या रोग्याला घेऊन येणारे रूळ नसते तर इतक्या लहान गावात इतका मोठा दवाखाना टिकणे अवघड होते.

गवयी आणि वादकही उतरत. मिरजेच्या सतारमेकरांकडे तंबोरे दुरुस्तीला किंवा जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून नाद सुधारायला, आणलेले असत, रेशमी किंवा सुती गवसणीत बांधलेले, आणि ते हमालाच्या हाती कधीही दिले जात नसत. अशा एखाद्या माणसाकडे पाहून अण्णा उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची हकीकत सांगत. खाँसाहेब मिरजेचे रहिवासी. १९३७ च्या ऑक्टोबरात ते मद्रासहून पाँडिचेरीकडे निघाले असता वाटेत त्यांना बरे वाटेना, म्हणून ते सिंगपेरुमाळकोइल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले. फलाटावरच त्यांनी बिछाना घालून घेतला आणि तिथेच २७ तारखेला त्यांचा देह पडला. शेवटच्या घटकेला त्यांनी तंबोरा जुळवून दरबारीत ईश्वराची आळवणी केली असे सांगतात. त्यांची कबर मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि तिथे दरवर्षी गाणे होते. अण्णा त्या वेळी शाळकरी होते. गावात ती बातमी आली तेव्हा मोठी माणसे रस्त्यात उभी राहून रडली, हे त्यांनी पाहिलेले होते. एवढा मोठा गवई घरापासून इतक्या लांब एका अनोळखी फलाटावर गेला, ही गोष्ट अण्णा नेहमी फलाटावर बसूनच का सांगत, हे मला तेव्हा कळत नसे. आता कळते.

लहान गाडीवर मात्र माझा सगळ्यांत जास्त जीव होता. तिचे डबे बुटके आणि अरुंद, समोरासमोर बसले की गुडघ्याला गुडघा लागे. उंच माणूस दारातून वाकून आत येई. शिट्टी बारीक आणि लांब. मिरज सोडल्यावर आरग, बेळंकी, सलगरे ही स्टेशने यायची, उसाची आणि पानमळ्यांची हिरवाई हळूहळू मागे पडायची, डाव्या हाताला दंडोबाचा डोंगर यायचा आणि मग सगळा मुलूख उघडा व्हायचा. शाळूची रिकामी राने, बाभळी, मेंढरांचे कळप, कोरड्या ओढ्यांवरचे लहान लहान पूल. कवठेमहांकाळच्या पुढे ढालगाव, जत रोड, सांगोला असे करत ती माण नदीच्या मुलखातून पंढरपूरला जाई. कृष्णाकाठ आणि दुष्काळी भाग हे शब्द पुढे वर्तमानपत्रांत वाचले, पण त्यांतले अंतर मी या गाडीच्या खिडकीतून आधी पाहिले होते. काही तासांच्या प्रवासात पाण्याची चैन संपून पाण्याची वाट पाहणे सुरू होई.

गाडीचा वेग इतका बेताचा होता की रुळाकडेला शेळ्या राखणारी पोरे बरोबर धावत आणि डब्यातल्या ओळखीच्या माणसाशी बोलणे पुरे करून मागे राहत. ही गाडी त्या गावांची होती. ढालगावच्या बाजारच्या दिवशी कोंबड्या, मिरच्यांची पोती, नवी घोंगडी असे सगळे डब्यात येई. गार्डाला लोक नावाने ओळखत आणि तो त्यांच्या घरची चौकशी करी. एकदा मामांना स्टेशनावर यायला उशीर झाला होता. मळ्यातून धावत येताना ते आम्हाला डब्यातून दिसत होते. गार्डाने हिरवी झेंडी काखेत धरून ठेवली आणि ते चढेपर्यंत वर केली नाही. "पळू नका पाटील, हाय म्या," असे तो ओरडून म्हणाला. मामांनी डब्यात बसल्यावर पिशवीतून दोन कणसे काढून पुढच्या स्टेशनावर त्याच्या हातात दिली. उशिराबद्दल डब्यातले कोणी काही बोलले नाही, कारण तेथल्या प्रत्येकासाठी कधी ना कधी गाडी थांबलेली होती.

आषाढीला तिचे रूप बदले. आमच्या भागातून पंढरीला पायी जाणारे पुष्कळ होते, पण वृद्ध, आजारी, लेकुरवाळ्या बायका आणि पेरणी आटोपून शेवटच्या दोन दिवसांत निघालेले शेतकरी या गाडीने जात. डबे भरून गेले की माणसे टपावर बसत. इंजिनाच्या पुढच्या पायरीवरही बसत. ते धोक्याचे होते आणि अपघात होत, हे विसरून त्याचे कौतुक करण्यात अर्थ नाही. पण टपावरून टाळांचा आवाज येई, खालच्या डब्यात तोच अभंग मागाहून उचलला जाई आणि गाडी चढाला लागून इंजिनाचा श्वास जड झाला की वरचे लोक "पुंडलिक वरदे" म्हणून गजर करीत, जणू तो गजरच गाडीला वर ओढणार होता. माझी आजी या गाडीतून जाताना चपला काढून बसत असे. गाडी पंढरपूरची, म्हणून.

बेळगावची वाट वेगळी होती. शेडबाळ, उगार, मग कृष्णेवरचा पूल आणि कुडची. पुलावर गाडी आली की सगळा डबा खिडक्यांशी येई, पैसे नदीत टाकले जात आणि आत्या आम्हा मुलांना हात जोडायला लावी. रायबाग, घटप्रभा, गोकाक रोड असे पुढे जाताना फलाटावरच्या विक्रेत्यांची भाषा मराठीतून कानडीत कधी गेली हे ध्यानात येत नसे. डब्यातली माणसेही एक वाक्य या भाषेत आणि एक त्या भाषेत बोलत. घटप्रभेच्या आसपास कोणी ना कोणी करदंटाचा, म्हणजे डिंक आणि सुक्या मेव्याच्या मिठाईचा, पुडा उघडे आणि तो सगळ्यांत फिरे.

पुण्याचा मार्ग मोठ्या माणसांच्या गोष्टींनी भरलेला होता. भिलवडी स्टेशन आले की चितळ्यांच्या डेअरीचे नाव निघे. किर्लोस्करवाडी आली की अण्णा सांगत, या स्टेशनाचे जुने नाव कुंडल रोड. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणि वसाहत उभी केली, तेव्हा तिथे निवडुंगाशिवाय फारसे काही नव्हते. पुढे शेणोली येई. ७ जून १९४३ रोजी इंग्रजांविरुद्ध भूमिगत चाललेल्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेने, जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन रामचंद्र लाड यांच्या पुढाकाराने, सरकारी पगाराची रक्कम घेऊन जाणारी गाडी शेणोलीला अडवून ती रक्कम ताब्यात घेतली होती. डब्यात त्या भागातला कोणी वयस्क माणूस असला की तो खिडकीबाहेर बोट दाखवून सांगू लागे आणि दुसरा कोणी त्याला जागेबद्दल हटकून दुरुस्त करी. मग कऱ्हाडचे स्टेशन, जे गावात नसून ओगलेवाडीला आहे. ओगल्यांच्या काचकारखान्याचा प्रभाकर कंदील तेव्हा आमच्या घरी रोज लागत असे, म्हणून ते स्टेशन मला ओळखीचे वाटे. साताऱ्याच्या लोकांची सोय तर रुंदीकरणाने पालटली. जुन्या मीटरगेजचा मार्ग सातारा रोडवरून जाई आणि शहर तिथून दूर पडे. नव्या मार्गाने माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमाजवळ, साताऱ्याला स्वतःचे स्टेशन मिळाले. त्याआधी सातारा, पाचगणी, महाबळेश्वरला जाणाऱ्या पुष्कळ लोकांचे उतरण्याचे ठिकाण वाठार होते आणि त्या गावाला लोक आजही वाठार स्टेशन असेच म्हणतात. वाठारनंतर आदर्कीचा घाट. गाडी वळणावर आली की मागच्या डब्यातून आपलेच इंजिन बाजूला दिसे आणि बोगद्यात शिरताना डब्यातली सारी मुले एका सुरात ओरडत. पुढे नीरा ओलांडून जेजुरीचा गड दिसला की म्हातारी माणसे उठून उभी राहत आणि येळकोट होई.

या एकेरी मार्गावर गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून जी व्यवस्था होती, ती मी आत्तापर्यंत पाहिलेल्या यंत्रांत सगळ्यांत सुंदर आहे. स्टेशनमास्तरांच्या खोलीत एक लोखंडी यंत्र असे. पुढच्या स्टेशनाने विजेच्या घंटीने संमती दिली की त्यातून एक गोळा बाहेर पडे. तो गोळा चामड्याच्या पिशवीत घालून पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला बांधली जाई आणि ते कडे ड्रायव्हरच्या हाती पडल्याशिवाय गाडीला पुढे जाण्याचा अधिकार नसे. तो गोळा पुढच्या स्टेशनाच्या यंत्रात पडेपर्यंत दोन्हीकडच्या यंत्रांतून दुसरा गोळा निघतच नसे. न थांबणारी गाडी आली की पॉइंट्समन फलाटाच्या टोकाशी हात उंच करून कडे धरून उभा राही, इंजिनातला फायरमन बाहेर झुकून त्यात आपला दंड घाली आणि त्याच क्षणी आधीच्या स्टेशनाचे कडे खाली टाकी. रात्री हे सगळे मशालीच्या उजेडात चाले. एका संध्याकाळी मी पाहण्याच्या नादात पुढे गेलो, तेव्हा "मास्तर, पोराला जरा मागं घ्या, हात तुटंल त्याचा," असे त्या पॉइंट्समनने अण्णांना बजावले आणि गाडी गेल्यावर स्वतःचा दंड उघडून दाखवला. कोपराच्या वर कड्यांचे मार बसून कातडी निबर झाली होती. आधी तो फायरमनचे काम करत असे. शेकडो माणसांची सुरक्षितता त्या कातडीवर तोललेली होती.

आणि मिरजेचा ट्रान्सशिपमेंटचा, म्हणजे एका रुळावरचा माल दुसऱ्या रुळावरच्या गाडीत चढवण्याचा, धक्का. एका बाजूला ब्रॉडगेजच्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, दुसऱ्या बाजूला मीटरगेजच्या, मध्ये दगडी धक्का आणि त्यावरून दिवसभर पोती वाहणारे हमाल. सिमेंट, खत, धान्य, जे येईल ते पाठीवर. ब्रॉडगेजची एक वाघीण रिकामी केली तरी तिकडे एका मीटरगेज वाघिणीत तो माल मावत नसे. सिमेंटच्या दिवशी त्या माणसांच्या भुवया पांढऱ्या होत आणि घामाने त्यावर लेप बसे. फलाटावरच्या गर्दीत मला जी गंमत वाटत होती तिची दुसरी बाजू या धक्क्यावर होती, हे मला अण्णांनी दाखवले. ते मला मुद्दाम त्या बाजूने घरी नेत. म्हणून देशभर सगळीकडे एकच रुंदी करण्याचे धोरण आले आणि नव्वदच्या दशकात मिरज-लोंढा मार्ग ब्रॉडगेज झाला, तेव्हा मला त्याचे दुःख झाले तरी तो निर्णय चुकीचा होता असे मी कधी म्हटले नाही. ज्यांना दुःख करायला फुरसत होती त्यांच्यापेक्षा ज्यांच्या पाठी मोकळ्या झाल्या त्यांचे मत मोठे धरले पाहिजे. अर्थात त्यांतल्या कितीतरी जणांची रोजीही त्या पोत्यांबरोबरच गेली आणि तिचा हिशेब कोणी ठेवला नाही, हेही खरे आहे.

लहान गाडी सगळ्यांत शेवटी गेली, या शतकाच्या पहिल्या दशकात. तिच्या जागी पंढरपूरपर्यंत रुंद रूळ आले आणि त्यांचे मोल मला २०१६ च्या उन्हाळ्यात कळले. लातूरला प्यायला पाणी उरले नव्हते. राजस्थानातल्या कोटा शहराहून टँकरच्या वाघिणी आणल्या गेल्या, त्या मिरजेत भरल्या गेल्या आणि १२ एप्रिलला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी लातूरला पोहोचली. पुढे पन्नास वाघिणींची गाडी जाऊ लागली. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर, म्हणजे अगदी आमच्या लहान गाडीचीच वाट. तिचे रूळ तसेच राहिले असते तर त्या अवजड वाघिणी मिरजेच्या पुढे एक पाऊल जाऊ शकल्या नसत्या. दुष्काळात धान्य पोहोचावे म्हणून ज्या भागात पहिले रूळ आले, तिथून सव्वाशेहून अधिक वर्षांनी पाणी गेले. त्या दिवसांत मी स्टेशनावर जाऊन त्या गाडीला भरताना पाहिले. जाडजूड नळ्या, भिजलेली खडी, आणि कृष्णेचे पाणी कोरड्या मुलखाकडे निघालेले. आरग-सलगऱ्याच्या पुढचा तो उघडा मुलूख माझ्या डोळ्यांसमोर होता.

मला सलते ते एवढेच की या सगळ्या व्यवहाराची नोंद फार थोडी राहिली. इंजिनांचे नमुने आणि क्रमांक जपणारे जाणकार आहेत, त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. पण ट्रान्सशिपमेंटच्या धक्क्यावर मुकादमी कशी चाले, रात्रीच्या गाडीने आलेली बाळंतीण सकाळच्या लहान गाडीपर्यंत कोणाच्या घरी विसावा घेई, फलाटावर चहा विकणारा तीन भाषा कशा शिकला, हे ज्यांना माहीत आहे ते आता ऐंशीच्या घरात आहेत. मिरजेतल्या रेल्वे वसाहतीत, आरग-बेळंकीत, कवठ्यात अशी माणसे अजून भेटतात. आपल्या भागातल्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना वर्षभराचा प्रकल्प म्हणून एवढे एक काम दिले, प्रत्येकाने एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याशी किंवा हमालाशी बसून त्याच्या शब्दांत लिहून घेतले, तर दक्षिण महाराष्ट्राच्या इतिहासात मोठी भर पडेल. त्यासाठी पैसे लागत नाहीत. मी स्वतः माझ्या गल्लीतल्या एका निवृत्त गार्डापासून सुरुवात केली आहे. ते दुपारी झोप झाल्यावर चारच्या सुमारास बोलतात आणि स्टेशनांची नावे अजूनही गाडीच्या क्रमानेच घेतात. मधले एक विचारले तर मिरजेपासून मोजत येतात.

गाडी बदलण्याची सक्ती संपली तरी मिरजेला एक थांबणे अजून उरलेले आहे. पुण्याहून आलेला मार्ग आणि कोल्हापूरला जाणारा मार्ग असे मिळतात की कोल्हापूरच्या गाडीला मिरजेत दिशा बदलावी लागते. इंजिन एका टोकाचे सोडून दुसऱ्या टोकाला लावतात. तेवढ्या वेळात माणसे खाली उतरतात, चहा घेतात, शेजारच्याला कुठवर जाणार म्हणून विचारतात. सप्टेंबर २०२४ पासून कोल्हापूर-पुणे वंदे भारत धावू लागली. तिला दोन्ही टोकांना चालकाची खोली आहे, त्यामुळे इंजिन सोडण्याजोडण्याचा प्रश्नच येत नाही. मी तिने पुण्याला जाऊन आलो. मिरजेला चालक एका टोकाला उतरून फलाटावरून दुसऱ्या टोकाकडे चालत जाताना दिसला. मी दारात उभा होतो. मागे माझी नात विचारत होती की आजोबा, गाडी उलटी का निघाली. सांगली येईपर्यंत मी तिला तीन रुळांचे सगळे सांगितले आणि किर्लोस्करवाडीला तिने कुंडल रोड हे नाव मला स्वतःहून म्हणून दाखवले.